धैर्यवानांच्या झाडाचं अपडेट

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नोकरी लागली. शोधून नाही, जिना चुकल्यामुळे.

केक करून विकणाऱ्या दोस्ताचा, स्वप्नीलचा, एक केक पोचवायला फणसवाडीत गेलो होतो. "तिसरा मजला, डावं दार" एवढंच तो बोलला होता. वाडीत एकसारख्या दोन बिल्डिंगी आहेत हे बोलला नव्हता. दार उघडलं ते एका उंच आजोबांनी. सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं. म्हणाले, "कम्प्युटरवाला ना तू? तासभर उशीर केलास." माझ्या तोंडून "हो" गेलं. का गेलं माहीत नाही. कॉलेजातही माझ्या तोंडून "सोडतो" असंच गेलं होतं.

नाव कमलाकांत धैर्यवान, कस्टममधून रिटायर. गेली चौदा वर्षं घराण्याची वंशावळ करतायत. ती 'पारंबी' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. फुकटचं आहे, जगभरातले लोक रिकाम्या वेळात मिळून बनवतात. त्याला प्लग-इन नावाचे छोटे-छोटे जोड लावायचे असतात. एक प्लग-इन तारखा जुळवतं, एक फोटो लावतं, एक पूर्ण झाडाचा भिंतीवर लावायचा चार्ट काढतं. बंगळुरूच्या नातीने, ऋग्वेदाने, नवा कम्प्युटर पाठवला आणि त्यावर चार्टवालं प्लग-इन चालायचं बंद झालं.

बावीस डिसेंबरला दादरला धैर्यवानांचं कुलसंमेलन आहे. चार्ट लागला नाही तर चुलतभाऊ अजितराव सगळं काम काढून एका वेबसाइट कंपनीला देणार. "चौदा वर्षं माझी!" काका म्हणाले. "तू दुरुस्त करशील ना?"

परत "हो" गेलं.

केक शेजारच्या बिल्डिंगीत नेऊन दिला तोपर्यंत वाढदिवसवाला पोरगा झोपला होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रितीताईला फोन केला. ताई परळच्या एका हॉस्पिटलात कम्प्युटर सांभाळते, म्हणून मला वाटतं की थोडं माझ्यातही असेल.

ताई : "पहिली गोष्ट, काही करायच्या आधी कॉपी काढून ठेव. दुसरी, एकावेळी एकच प्लग-इन अपडेट कर, मग बघ चालतंय का. 'अपडेट ऑल' दाबायचं नाही. ऐकतोयस का राजा?"

ऐकत होतो. पण समोर छतावर एक माणूस पतंगासारखं काहीतरी वाळत घालत होता, ते काय ते बघत होतो. (पापड होते.)

काकांच्या बायकोने, नलूकाकूंनी, दुपारी कोळंबीचं भुजणं वाढलं. मी आयुष्यात एवढी कांदा-लसणीची सढळ कोळंबी खाल्ली नव्हती. ही नोकरी टिकवायची.

१८ नोव्हेंबर, सोमवार

'अपडेट ऑल' दाबलं. बटण हिरवं होतं.

सतरा प्लग-इनं खाली उतरली, त्यातली निम्मी करडी पडली. म्हणजे नव्या व्हर्जनला ती पटत नाहीत. आणि एक न मागता आलं : डुप्लिकेट फाइंडर. एकच माणूस चुकून दोनदा लिहिला असेल तर दोघांना शोधून एक करतं. मला वाटलं, बरंच झालं, साफसफाई होईल. ओके दाबलं.

आता धैर्यवानांकडे रीत अशी की आजोबांचं नाव नातवाला. मोरोबाचा कमलाकांत, कमलाकांताचा मोरोबा, परत त्याचा कमलाकांत. आणि लग्नात बायकोचं नाव बदलायचं, तेही ठरलेलं. कमलाकांताची बायको म्हणजे नलिनी. वडिलांचं नाव तेच, बायकोचं तेच, पत्ता तर शंभर वर्षं फणसवाडीच. प्लग-इनला बिचाऱ्याला काय कळणार?

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "अरे, हे काय? माझे वडील माझे चिरंजीव झालेत."

"आणि वडीलही आहेत, काका. ते वर बघा."

"म्हणजे मी स्वतःचा आजोबा?"

काकू मागून येऊन वाचायला लागल्या. "मला नऊ मुलं? आणि मला पत्ता नाही! कोणी बाळंतपणं केली माझी?" हसून हसून त्यांना ठसका लागला. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "थोरल्या नलिनीबाईंचं माहेरचं नाव वेगळं होतं, माझं वेगळं. ती लिहिली असतीत तर हा घोळ झालाच नसता."

"चार्टवर जागा नाही," काका म्हणाले. "आणि लग्न होऊन आल्यावर त्या या घराण्याच्या. माहेरचं माहेरवाले लिहितील."

"माहेरवाले 'विवाहित' लिहितात आणि रेघ मारतात. तुम्ही आपल्या मुलींना काय केलंयत? तेच."

"नलू, चहा."

काकूंनी चहा आणला. माझा कप आधी ठेवला, काकांचा नंतर आणि जरा आदळून.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काल ताईने विचारलं, कॉपी काढलेलीस ना? काढलेली. आज उघडली तर ती डेस्कटॉपवरच्या चित्राची कॉपी निघाली, ज्याच्यावर क्लिक केलं की पारंबी उघडतं त्या चित्राची. आत दाणा नाही. ताईने फोनवर मला तेच तीनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "आईला दे फोन." मी म्हटलं मी फणसवाडीत आहे. म्हणाली, "तुझं नशीब."

काकांकडे मात्र खरी कॉपी होती. देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे. दसऱ्याला शस्त्रपूजा म्हणून त्यांनी पेनड्राइव्हची पूजा केली होती आणि नंतर तो तिथेच राहिला होता. त्याच्या तोंडात हळदकुंकू गेलेलं, वर एक तांदूळ चिकटलेला. मी जुन्या टूथब्रशने साफ केला. तिसऱ्यांदा लावल्यावर चालला. काकांनी कम्प्युटरला हात जोडले, मीही जोडले. आमच्याकडे देवबिव नाहीत, पण वेळ तशी होती.

दसऱ्यानंतरचं सगळं परत टाइप करायचं. माझी चूक, मीच करणार.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काका दुपारी झोपतात. तेव्हा काकू कम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ खेळतात. आज कोळंबी सोलता सोलता विचारलं, "राजरत्न, ही प्लग-इनं येतात कुठून?"

मला कोणी काही विचारलं की मला फार बरं वाटतं, कारण फारसं कोणी विचारत नाही. मी सगळं सांगितलं. पारंबीत एक यादी असते, तिच्यातून निवडायचं, 'इन्स्टॉल' दाबायचं, पारंबी बंद करून परत उघडायचं. यादीत नसेल तर बनवणाऱ्याच्या पानावरून फाइल उतरवायची आणि प्लग-इनच्या फोल्डरात टाकायची. मात्र आधी जुनं काढायचं.

"म्हणजे मसाल्याच्या डब्यासारखं," काकू म्हणाल्या. "जुन्यावर नवा ओतला की दोन्ही फुकट. धुवायचा, वाळवायचा, मग भरायचा."

"अगदी तसंच, काकू!"

"आणि बनवणाऱ्याला चूक कळवायची असली तर?"

तेही सांगितलं. बायकांना उत्सुकता फार.

मग त्यांनी त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. ताटात तांदूळ पसरले, काकांनी अंगठीने त्यावर 'नलिनी' लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मला कोणी विचारलं नाही, आवडलं का म्हणून. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच तांदळाचा भात केला. मी माझं नवीन नाव आमटीशी खाल्लं."

आधीचं नाव काय होतं विचारणारच होतो, पण खाली चाकूला धार लावणारा आला. सायकलचं चाक उलटं फिरवून धार काढतात ते मी लहानपणापासून जवळून बघितलं नव्हतं. तासभर खालीच गेला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

नवं चार्टवालं प्लग-इन मिळालं, चाललंसुद्धा! काकांनी मला चक्क खांद्यावर थोपटलं.

पण यादीत एक भलतंच प्लग-इन दिसलं, मी न घातलेलं. बर्थ नेम्स अँड डॉटर्स. बनवणारा फिनलंडचा. मला वाटलं 'अपडेट ऑल'चं उरलेलं पिल्लू असेल. काढून टाकलं.

काकू : "काढलंस? ते कसं रे काढतात?"

दाखवलं.

"आणि परत घालायचं झालं तर तसंच उलटं, ना?"

"तसंच."

संध्याकाळी घरी आलो तर आई म्हणाली, "त्यांचं झाड किती मोठं आहे रे?" मी म्हटलं, हजाराच्या वर माणसं, भिंत पुरत नाही. आपलं काढलं तर? अभय म्हणजे बाबा, त्यांचे बाबा रामजी, त्यांच्या पुढचं कोणालाच माहीत नाही. म्हटलं, "आपलं झाड कुंडीत मावेल."

आई भाकरी उलटत म्हणाली, "आपलं छप्पन साली लावलंय. नवीन झाड आहे. वाढतंय."

३ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस कामाला गेलो नाही. वडाळ्याला गेलो होतो. तिकडे मिठागरांत फ्लेमिंगो आलेत असं कोणीतरी म्हणालं. आले नव्हते. पण एका म्हाताऱ्याने मीठ कसं ओढतात ते दाखवलं. आपण हे काम करावं का, असा विचार तासभर मनात राहिला.

परत आलो तर फिनलंडवालं प्लग-इन यादीत हजर.

काढलं.

४ डिसेंबर, बुधवार

हजर.

ऋग्वेदा बंगळुरूहून करत असेल असं वाटून तिला फोन लावला. ती म्हणाली, "मी? मला तर पासवर्डही माहीत नाही. आजीला विचार ना." काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मला बाई त्या डब्यातलं काय कळतंय?" खरंच आहे ते. बिचाऱ्या.

काका वैतागलेत ते वेगळ्याच गोष्टीवर. "हल्ली आमचा फोन सारखा एंगेज असतो. नलू दिवसभर या सुनेशी, त्या नणंदेशी बोलतेय. पुण्याला, बडोद्याला. संमेलनाला काय नेसायचं यावर एवढं बोलतात?"

६ डिसेंबर, शुक्रवार

आज कामाला सुट्टी. पहाटेपासून दादरला, आमच्या चाळीच्या पाणीवाटपाच्या टेबलावर. दरवर्षी असतो. नांदेडहून आलेल्या एका आजीने पाणी पिऊन माझ्या टी-शर्टवरचा बिल्ला सरळ केला आणि गर्दीत गेली. दिवसभर उभा होतो, एकदाही कुठे भटकलो नाही. ताई म्हणाली, वर्षातून एक दिवस तू शहाणा असतोस.

७ डिसेंबर, शनिवार

हे आता भुताटकीच्या वर गेलं. फिनलंडवालं प्लग-इन हजर तर आहेच, पण नव्या व्हर्जनचं. अपडेटची तारीख कालची. काल मी दादरला, काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरात एकट्या काकू. म्हणजे आपोआप झालं.

बनवणाऱ्याला मोडक्या इंग्रजीत लिहिलं, तुमचं प्लग-इन न सांगता येतं आणि स्वतःच अपडेट होतं. त्याचं तासाभरात उत्तर. सज्जन माणूस. म्हणाला, असं होऊच शकत नाही, कोणीतरी बटण दाबल्याशिवाय काही येत नाही. पुढे लिहिलं होतं : "बायकोचं फक्त आडनाव नाही, नावही बदलतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मुंबईच्या एका बाईंनी ही उणीव फार नेमकी दाखवली, म्हणून कालचं नवं व्हर्जन काढलं. तुमची ओळख आहे का?"

मुंबईत बायका काय कमी आहेत? मी लिहिलं, नाही.

त्याने एक सांगितलं ते बरं झालं. हे प्लग-इन आपली माहिती वेगळी ठेवतं, पडद्यावर काही बदलत नाही. छापायची फाइल बनवतानाच काहीतरी करतं. म्हणजे पडद्यावर निरुपद्रवी.

काकू : "मग राहू दे ना. जागा खातंय का?"

"नाही."

"मग झालं तर."

बरोबर आहे. मलाही रोज काढून कंटाळा आलाय.

१५ डिसेंबर, रविवार

अजितराव येऊन गेले. सफारी सूट, हातात फाइल. "कमलाकांत, चार्ट नक्की ना? नाहीतर कंपनीशी माझं बोलणं झालंय. ते सगळं व्यवस्थित करतील, आपण नुसतं बघायचं."

"नक्की," काका म्हणाले. अजितराव गेल्यावर मात्र काका खुर्चीतून उठले नाहीत. "हे गेलं ना राजरत्न, तर सकाळी उठून मी करायचं काय?"

मी म्हटलं, काका, जाणार नाही. एवढं ठाम मी कधी काही बोललो नव्हतो. नंतर भीती वाटली.

काकूही दारात उभ्या होत्या. नंतर स्वयंपाकघरात मला विचारलं, "राजरत्न, एखादी गोष्ट छापल्यावर फाडून टाकतात का रे लोक?"

"एवढा मोठा चार्ट कोण फाडेल? महाग असतो."

"हं," म्हणाल्या. भाजीत मीठ दोनदा पडलं आज.

२० डिसेंबर, शुक्रवार

पडद्यावरचा चार्ट काकांनी भिंगातून तपासला. बरोबर. फाइल बनवली, पेनड्राइव्हवर घेतली, चिंचपोकळीला लवूच्या दुकानात गेलो. लवू मंडळांचे बॅनर छापतो, शाळेपासूनचा दोस्त.

छापायला वेळ होता म्हणून जरा बाहेर आलो. समोरच्या वर्कशॉपमध्ये एक मोठी पितळी घंटा घासत होते. एकाला दुसरीकडून धरायला माणूस हवा होता. धरली. मग ती टेम्पोत चढवली. मग टेम्पोवाल्याला लालबागचा रस्ता दाखवला. मग तिथे आहेच तर चिवडा घेतला.

परत आलो तेव्हा लवू चार्ट गुंडाळून, सुतळी बांधून बसला होता. "मेल्या, उलगडून बघून तरी घे!"

"पडद्यावर बघितलाय रे."

"अक्षरं लय बारीक आली हत. गर्दी हा नुसती."

"मोठं घराणं आहे," मी म्हटलं.

२२ डिसेंबर, रविवार

हे सगळं नीट लिहायचं, विसरायच्या आत.

दादरचा हॉल. स्टेजवर अजितराव माइक टॅप करतायत. मी आणि हॉलचा माणूस शिडीवर. वरची दोरी बांधली आणि चार्ट सोडला. तो सरसरत जमिनीपर्यंत आला, खाली थोडा दुमडलासुद्धा. एवढा लांब कसा? मी शिडीवरूनच वाचायला लागलो.

प्रत्येक बाईच्या चौकटीत दोन नावं. वर जन्माचं, खाली सासरचं. आणि जिथे मुलींच्या पुढे 'विवाहित' लिहून रेघ होती, तिथून फांद्या फुटल्या होत्या. त्यांची मुलं, मुलांची मुलं. झाड एका बाजूला वाढायचं ते दोन्ही बाजूंना वाढलं होतं.

मी शिडीवरच राहिलो. खाली उतरून करायचं काय?

"हे काय आहे?" अजितराव माइकवरच म्हणाले, त्यामुळे अख्ख्या हॉलने ऐकलं. "कमलाकांत, असं ठरलं नव्हतं! हे उतरवा आधी!"

पण पहिली बाई तोपर्यंत चार्टपाशी पोचली होती, मग दुसरी, मग रांगच मोडली. "अगं, ही मी! मनोरमा! बघ, मनोरमा!" "माझ्या आईचं आहे का? कुठेय? 'द'मध्ये नाही गं, फांदी बघ फांदी." बडोद्याहून आलेल्या एक आजी खुर्चीसकट उचलून आणल्या. स्वतः अजितरावांच्या बायको पुढे होत्या. अजितराव माइक टाकून आले तर त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा जरा, दिसत नाहीये."

काका चालत आले. सगळ्यांनी वाट दिली. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "राजरत्न, हे तू केलंस?"

आता काय बोलणार? म्हटलं, "हो, काका."

"तो कसला करतोय?" नलूकाकू म्हणाल्या. मोतिया रंगाची नऊवारी, नाकात नथ. "त्याला छापलेलं उलगडून बघायचं सुचलं नाही. मी केलंय. दुपारी, तुम्ही झोपल्यावर. तो काढायचा, मी घालायचे."

एवढे दिवस! पत्त्यांचा खेळ!

काकांनी भिंग काढलं आणि झाडावर खालून वर चढायला लागले. नातीपासून सुनेपर्यंत, सुनेपासून स्वतःपर्यंत. मग एक चौकट वर गेले आणि थांबले. त्यांच्या आईची चौकट. घरात त्यांचा फोटो आहे, करारी बाई, लक्ष्मीबाई मोरोबा धैर्यवान.

"ठकू," काकांनी वाचलं. भिंग पुसलं. परत वाचलं. "ठकू? आईचं नाव ठकू होतं? तुला कोणी सांगितलं हे?"

"त्यांनीच. मला भुजणं शिकवताना. म्हणाल्या, या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, निदान तू लक्षात ठेव."

"मला नाही सांगितलं कधी."

"तुम्ही कधी विचारलंत?"

अजितराव म्हणाले, "कमलाकांत, मग काय करायचं? उतरवायचा का?"

काका वळले. चौदा वर्षांत त्यांनी या चुलतभावाचा एकही शब्द मोडला नसेल. "अजित," ते म्हणाले, "तुझ्या कंपनीला विचार, त्यांना माझ्या आईचं नाव माहीत होतं का? नाही ना? मग बस खाली. आणि राजरत्न, वरची दोरी नीट आवळ. पडला तर तुला सोडणार नाही."

आवळली. दोन गाठी मारल्या.

काका परत चार्टकडे वळले. एक चौकट खाली आले, स्वतःच्या शेजारी, आणि तिथे बराच वेळ भिंग धरून उभे राहिले. पन्नासेक वर्षं ज्या बाईशी संसार केला तिचं नाव ते पहिल्यांदा वाचत होते असं नाही, लग्नपत्रिकेत वाचलं असणार. पण तोंडातून काढायला त्यांना वेळ लागला.

"मग आता... हंसा म्हणायचं का तुला?"

काकूंनी नथ सावरली, इकडेतिकडे बघितलं.

"एवढ्या लोकांत नको," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर म्हणून बघा. मी ओ देते की नाही ते तेव्हा ठरवेन."